इंजिनाचे तेल काय सांगते?

जुनी गाडी विकायला काढली की आधी तिला न्हाऊमाखू घातले जाते. पत्र्यावरचे पोचे ठोकून काढले जातात, टायरांना काळे पॉलिश लावले जाते, आसनांवर नवी कव्हरे चढतात. गाडी पाहायला आलेला माणूस तिच्याभोवती एक फेरी मारतो, दार उघडून लावून पाहतो, हॉर्न वाजवतो आणि शेवटी, आपल्यालाही यातले थोडेफार कळते हे दाखवण्यासाठी, बॉनेट उघडून तेल मोजण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून काढतो. पट्टीच्या टोकाला लागलेल्या तेलाकडे तो क्षणभर पाहतो. तेल काळे असेल तर नकारार्थी मान हलवतो. सोनेरी असेल तर समाधानाने पट्टी परत खोचतो. आणि पुष्कळदा दोन्ही वेळा चुकतो.

मीही असाच चुकलो आहे. बडोद्याला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने २०११ साली पादरा भागातील गावांतून शहरात भाजी आणण्याचा धंदा सुरू करायचे ठरवले. त्यासाठी त्याला एक छोटा डिझेल टेम्पो हवा होता. नवा घेण्याची ऐपत नव्हती. मावशीने साठवलेले पैसे आणि पतपेढीचे कर्ज मिळून १ लाख ३५ हजार रुपये उभे राहिले. आम्ही दोन टेम्पो पाहिले. पहिल्याचे तेल काजळासारखे काळे होते. दुसऱ्याचे मधासारखे सोनेरी. दुसऱ्याचा मालक म्हणाला, की चार महिन्यांपूर्वी तेल बदलले असून त्यानंतर गाडी ५,००० किलोमीटर चालली आहे. एवढे चालूनही तेल इतके स्वच्छ, म्हणजे इंजिन उत्तमच असणार, असा तर्क आम्ही केला आणि दुसरा टेम्पो घेतला. या तर्कात काय चुकले हे समजण्यासाठी इंजिनात तेल नेमके काय करते, हे आधी पाहिले पाहिजे.

इंजिनातील मुख्य दांडा, ज्याला क्रँकशाफ्ट म्हणतात, तो मिनिटाला काही हजार फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांच्यातील फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावी लागते. या फटीत तेलाचा पातळ थर टिकून राहतो म्हणून धातूला धातू घासत नाही. तेलाचे हे सर्वांत परिचित काम. पण एवढेच काम नाही. तेल पिस्टन आणि बेअरिंगांतील उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगांपाशी राहिलेली सूक्ष्म फट भरून काढते, गंज रोखते आणि ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले निष्प्रभ करते. याशिवाय ते इंजिन आतून धूत असते. खनिज तेलात कारखान्यात जी रसायने मिसळलेली असतात, त्यांपैकी काही पृष्ठभागावर बसू पाहणारी काजळी सोडवतात, तर काही त्या काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवतात. कपडे धुतलेल्या पाण्यासारखीच ही गोष्ट आहे. पाणी मळले याचा अर्थ मळ कपड्यातून निघाला.

डिझेल इंजिनात तर हे मळणे फार लवकर होते. डिझेलच्या ज्वलनात काजळी निर्माण होतेच आणि तिचा काही अंश रिंगांच्या बाजूने खाली, तेलाच्या साठ्यात उतरतो. या साठ्याच्या भांड्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. काजळीचे कण इतके बारीक असतात, की बेअरिंगच्या फटीतूनही ते विनासायास निघून जातात. मात्र रंग देण्याची त्यांची शक्ती मोठी असते. म्हणून जुन्या डिझेल गाडीत नवे तेल घातल्यावर काही शे किलोमीटरांतच, कधी कधी त्याच दिवशी, ते काळे दिसू लागते. यात घाबरण्यासारखे काही नाही. पेट्रोल इंजिनात हा प्रवास सावकाश होतो. तेल आधी मधासारखे, मग कोऱ्या चहासारखे, नंतर काकवीसारखे दिसते आणि ते बदलण्याची वेळ येईपर्यंत बरेच काळपट झालेले असते.

आता आमच्या तर्कातील चूक तुमच्या लक्षात आली असेल. नऊ वर्षे वापरलेल्या डिझेल इंजिनातले तेल ५,००० किलोमीटरनंतर मधासारखे राहूच शकत नाही. ते आदल्या दिवशी बदललेले असणार. आता विकण्यापूर्वी तेल बदलणे हा काही गुन्हा नव्हे. एखादा मालक सौजन्य म्हणूनही ते बदलील. पण तसे असेल तर तो तसे सांगेल. मालकाचे बोलणे आणि पट्टीवरचे तेल यांचा मेळ बसत नव्हता. तो आम्ही घालून पाहिलाच नाही. केवळ रंग पाहिला आणि हुरळून गेलो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि आज रिक्षा, टॅक्सी व लहान टेम्पो यांत त्या पुष्कळ आहेत. हा वायू जळताना काजळी जवळजवळ होत नाही. त्यामुळे अशा गाडीचे तेल हजारो किलोमीटर चालूनही उजळ दिसते. परंतु उजळ दिसणारे तेल ताजे असतेच असे नाही. उष्णतेमुळे आणि हवेतील प्राणवायू व नायट्रोजनच्या संयुगांमुळे ते आतून बिघडत असते, दाट होत असते. फक्त रंग तेवढा टिकून राहतो. सीएनजी रिक्षाचे तेल ‘अजून चांगले दिसते आहे’ म्हणून न बदलणारा चालक स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

मग नुकतेच बदललेले तेल ओळखायचे कसे? याचे उत्तर पट्टीवर नसून तेल ओतण्याच्या झाकणाखाली असते. हे झाकण इंजिनाच्या माथ्यावर असते. इंजिन बंद करून ते उघडावे आणि आत विजेरीचा झोत टाकावा. आतले भाग स्वच्छ धातूच्या रंगाचे किंवा तपकिरी झाक असलेले दिसले, तर तेल वर्षानुवर्षे वेळच्या वेळी बदलले गेले असावे. उलट आत डांबरासारखा किंवा काळ्या लोण्यासारखा गाळ साचलेला दिसला, तर पट्टीवर सोने दिसले तरी विश्वास ठेवू नये. चेंबरमधले तेल अर्ध्या तासात बदलता येते. झाकणाखालचा गाळ असा निघत नाही. तो अनेक वर्षांच्या हयगयीतून साचलेला असतो. शिवाय नव्या तेलातील धुणारी रसायने तोच गाळ सोडवू लागतात आणि सुटलेले तुकडे तेल खेचणाऱ्या पंपाच्या जाळीत अडकू शकतात. जाळी तुंबली, की पट्टीवर तेल पुरेसे दिसत असूनही बेअरिंगांपर्यंत ते पोहोचत नाही.

आमच्या टेम्पोच्या झाकणाखाली काय होते? ते पाहण्याचे आम्हाला सुचलेच नाही. पहिले दहा दिवस सारे सुरळीत चालले. मग रेडिएटरमधले पाणी रोज थोडे थोडे कमी होऊ लागले. गळती कुठेच दिसेना. सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर निघे आणि तो लवकर विरत नसे. तिसऱ्या आठवड्यात मावसभावाने सहज पट्टी ओढली, तर टोकाला दुधाच्या चहासारखे काहीतरी लागलेले. त्याला वाटले, रात्री पाऊस झाला, पाणी शिरले असेल. त्याने आणखी दोन दिवस भाजी वाहिली. पुढे मिस्त्रींनी हिशेब मांडला तेव्हा हेच दोन दिवस सर्वांत महाग ठरले.

तेल आणि पाणी स्वस्थ ठेवले तर वेगळे राहतात. पण इंजिनात ती जोराने घुसळली जातात आणि त्यांचे दुधाळ मिश्रण बनते. शास्त्रात अशा मिश्रणाला पायस म्हणतात. या पायसाला धातूंमधील भार पेलवत नाही. बेअरिंगांवरचा तेलाचा थर तुटतो आणि धातू धातूवर घासू लागतो. म्हणून पट्टीवर दुधाळ तेल दिसले, की गाडी जिथे असेल तिथेच थांबवणे आणि ती ओढून नेण्याची सोय करणे हाच उपाय उरतो. ओढून नेण्याचा खर्च त्या वेळी जड वाटतो, हे खरे.

अर्थात दुधाळपणा दिसला की लगेच इंजिन फुटले असे समजण्याचेही कारण नाही. इथे थोडे थांबून विचार करावा लागतो. एक लिटर पेट्रोल जळाले, की वाफेच्या रूपात सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्यातील बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर जाते, पण थोडी इंजिनात उतरते. गाडी दूरवर चालली तर तेल शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि ही वाफ उडून जाते. परंतु ज्या गाडीचा प्रवास घर ते बाजार एवढाच असतो, तिचे इंजिन कधी पुरते तापतच नाही. मग वाफेचे थंड झाकणाखाली पाणी होते आणि तिथे लोण्यासारखा पांढरट-पिवळा थर जमतो. हिवाळ्यात, पावसाळ्यात आणि थंड हवेच्या ठिकाणी हे अधिक दिसते. असा थर केवळ झाकणाखाली असेल, पट्टीवरचे तेल नेहमीसारखे असेल आणि रेडिएटरमधील पाण्याची पातळीही स्थिर असेल, तर गाडी एकदा तास-दीड तास रस्त्यावर चालवून पुन्हा पाहावे. थर नाहीसा झाला तर ती वाफच होती. मात्र पट्टीही दुधाळ आणि पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट जळलेले, सिलिंडर हेडला तडा गेलेला, किंवा तेल थंड करणारा कूलर आतून फुटलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी रेडिएटरच्या पाण्यावरही कधी कधी तेलाचा तवंग दिसतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि ते उसळून चेहरा-हात भाजल्याच्या घटना गॅरेजांत नेहमी घडतात.

आमच्या टेम्पोचे हेड काढले तेव्हा दोन व्हॉल्व्हांच्या मधोमध बारीक तडा दिसला. तो जुना होता. विकणाऱ्याने दुधाळ तेल काढून टाकून सोनेरी तेल भरले होते. तडा नवे हेड बसवून भागला असता. परंतु त्या दोन दिवसांत बेअरिंगेही गेली होती. ऐन हंगामात पाच आठवडे टेम्पो गॅरेजमध्ये उभा राहिला, ठरलेल्या शेतकऱ्यांनी दुसरी गाडी लावली आणि पतपेढीचा हप्ता मावशीने शिवणकामाच्या पैशांतून भरला. ते वयस्कर मिस्त्री आम्हाला म्हणाले, “अरे पोरांनो, डिझेलचं तेल पाच हजार किलोमीटर चालून मधासारखं राहिलं, तेव्हाच तुम्हाला शंका यायला हवी होती. त्या काळ्या तेलाच्या गाडीला का सोडलंत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पाण्याचाच आणखी एक प्रकार पुराशी निगडित आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात हेच घडले. बुडालेल्या गाडीत पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे चेंबरच्या तळाशी बसते. नट उघडला की आधी पाणी आणि मग तेल बाहेर येते. अशी गाडी सुरू करून पाहण्याचा मोह घातक ठरतो, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचे दांडे वाकतात. पुढे दुरुस्त होऊन ती दुसऱ्या राज्यात विकायला आली, की पट्टीवर ताजे तेल असते. तेव्हा पट्टीच्या वरच्या भागावर गंजाचे ठिपके आहेत का, आसनांच्या रुळांत आणि गालिच्याखाली वाळलेला चिखल आहे का, हे पाहावे.

तेलात कधी कधी चमक दिसते. उन्हात पट्टी तिरपी धरली, की अगदी बारीक जरीसारखे कण लकाकतात. जुन्या गाडीत सर्वांत अधिक भिण्याजोगी खूण हीच. कण तांबूस असतील तर बहुधा बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा तांब्याचा मिश्रधातू उघडा पडला आहे. चंदेरी असून चुंबकाला न चिकटणारे कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे किंवा काही प्रकारच्या बेअरिंगांचे असू शकतात. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे किंवा ओतीव लोखंडाचे असतात. नुकतेच मोठे काम निघालेल्या, म्हणजे नव्या रिंगा व बेअरिंगे बसवलेल्या इंजिनातून पहिल्या वेळी थोडी धातूची भुकटी निघणे स्वाभाविक आहे. बहुतेक मोटारसायकलींत तर इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच तेल पुरवले जाते, तेव्हा तिथेही थोडी राखाडी भुकटी क्षम्य मानावी. पण डोळ्यांना सहज दिसणारे, बोटांत टोचणारे कण कोणत्याही गाडीत क्षम्य नाहीत.

खरे तर धातू डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणूनच अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल एंजिनांच्या वापरलेल्या तेलाची वर्णपटाच्या साहाय्याने तपासणी सुरू केली. तेलाचा नमुना तापवून प्रखर प्रकाशमान केला, की त्यातील प्रत्येक धातू स्वतःच्या ठरावीक रंगछटा प्रकट करतो. त्यावरून दहा लाखांत काही भाग एवढे अल्प लोह किंवा तांबेही मोजता येते. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमधील प्रयोगशाळाही एंजिनांचे तेल याच पद्धतीने तपासत आल्या आहेत. एका तपासणीपेक्षा ओळीने घेतलेल्या अनेक तपासण्यांना तिथे महत्त्व असते. लोहाचे प्रमाण महिन्यामहिन्याला सारखेच राहिले तर काळजी नसते. ते अचानक वाढले, की एंजिन उघडले जाते. एका टेम्पोच्या मालकाला प्रयोगशाळा परवडणार नाही. पण ओळीने पाहत जाण्याची रीत मात्र फुकट आहे.

रंगाइतकेच लक्ष पातळीकडे द्यावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल चेंबरमध्ये उतरते. पट्टी एकदा काढून स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि मगच काढून वाचावी. पट्टीवर खालची व वरची अशा दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये हवे. काही गाड्यांच्या, विशेषतः मोटारसायकलींच्या पुस्तिकेत निराळी रीत दिलेली असते, ती प्रमाण मानावी. आणि जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरच्या मालकाने यातले काहीच शोधू नये. तिथे तेल पेट्रोलमध्ये मिसळून जाळले जाते. असा साठा आणि अशी पट्टी तिथे नसतेच.

पातळी हळूहळू उतरत असेल तर तेल एकतर गळते आहे किंवा जळते आहे. गळत असेल तर रात्री गाडीखाली पसरलेला पुठ्ठा सकाळी सांगतो. जळत असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. सकाळी सुरू करताना धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हांच्या सिलांवर संशय घ्यावा. चढावर जोर देताना सतत येत असेल, तर रिंगांवर.

पातळी वाढते तेव्हा मात्र लोक आनंदतात, आणि हे मला नेहमी विलक्षण वाटते. तेल काही चेंबरमध्ये पाझरून वाढत नाही. कोणीही न ओतता पातळी वर गेली असेल तर त्यात पाणी तरी शिरले आहे, नाहीतर इंधन तरी. इंधन शिरले असेल तर तेल पाण्यासारखे पातळ होते आणि पट्टी नाकाशी नेली की वास येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारींना इंजिनाच्या बाजूला बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप असे. त्यातील पडदा फाटला, की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये झिरपे. या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. पण पट्टीचा वास घेण्याची सवय जुन्या टॅक्सीचालकांच्या हाताला अजून आहे. डिझेल गाडीत थेंब गाळणाऱ्या इंजेक्टरमुळे असेच घडते.

पातळपणाच्या उलट टोकाला दाटपणा आहे. तेलाच्या दाटपणाला विष्यंदिता म्हणतात. डब्यावरील १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० हे आकडे तेल थंडीत किती वाहते आणि तापल्यावर किती दाट राहते, हे सांगतात. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने या वर्गीकरणाचा पहिला आराखडा १९११ साली प्रसिद्ध केला. आकडा मोठा म्हणजे तेल सरस, असे नव्हे. झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट आणि धूर दोन-चार दिवस दबावा म्हणून काही विक्रेते त्यात मुद्दाम फार दाट तेल भरतात. थंड गाडीच्या पट्टीवरून तेल काकवीसारखे, तार धरून ओघळू लागले, तर गाडी चांगली अर्धा तास चालवून, इंजिन पुरते तापल्यावर तिचा आवाज पुन्हा ऐकावा. मंद गतीवर तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर सौदा तिथेच थांबवावा.

घरी करता येण्याजोगी एक जुनी परीक्षा इथे सांगतो. टीपकागदावर किंवा प्रयोगशाळेतील गाळणकागदावर गरम तेलाचा एक थेंब सोडावा आणि कागद आडवा ठेवून काही तासांनी पाहावा. थेंब मधून बाहेरपर्यंत फिकट होत एकसारखा पसरला असेल, तर तेल अजून काजळी वाहून नेऊ शकते. मधोमध ठसठशीत काळा ठिपका आणि त्याला धारदार कडा असेल, तर काजळीला तरंगत ठेवण्याची शक्ती संपली. आता ती इंजिनात बसू लागणार. रंगाने तेवढीच काळी दोन तेले या कागदावर अगदी वेगळी दिसतात, हे एकदा स्वतः पाहण्यासारखे आहे. तेलाची आम्ले निष्प्रभ करण्याची शक्ती किती उरली, हे मात्र कागदही सांगत नाही. म्हणून तेल कसेही दिसो, पुस्तिकेत दिलेल्या अंतराला किंवा मुदतीला ते बदलावेच लागते.

बदललेल्या तेलाविषयीही थोडे सांगायला हवे. वापरलेल्या तेलात काजळीबरोबर धातू आणि कर्करोगाला कारण होऊ शकणारी संयुगे असतात. रोज कोपरापर्यंत त्यात हात घालणारी, त्याच फडक्याने घाम पुसणारी मुले गॅरेजांत दिसतात. त्यांना साबण आणि हातमोजे देणे मालकाचे काम आहे. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडावर न ओतता अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवे. नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र छिद्र पाडूनच टाकावा. तो अखंड राहिला तर त्यात गाळून उजळलेले जुने तेल भरून पुन्हा विकले जाण्याचा धोका असतो.

माझ्या मावसभावाने तो टेम्पो पुढल्या वर्षी तोट्यात विकला. तडा गेला होता आणि हेड नवे बसवले, हे घेणाऱ्याला सांगून विकला. नंतर त्याने घेतलेल्या दुसऱ्या टेम्पोचे तेल काळेभोर होते. पण झाकणाखाली गाळ नव्हता, पातळी दोन खुणांच्या मध्ये होती, रेडिएटरमध्ये तवंग नव्हता आणि खिशातल्या चुंबकाला काही चिकटले नाही. त्याने एक वही केली. दर रविवारी पातळी, तेल बदलले तेव्हाचा किलोमीटरचा आकडा, मध्ये घातलेल्या तेलाचे माप, असे सारे त्यात लिहिले जाई. २०१९ साली तो टेम्पो विकायला काढला तेव्हा एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन पाहायला आला. त्याने पट्टी ओढली आणि काळे तेल पाहून त्याचा चेहरा उतरला. मावसभावाने त्याच्या हातात विजेरी दिली, तेलाचे झाकण उघडले आणि म्हणाला, “दादा, आधी इथे बघा. मग वही बघू.”